वाळूवर फेकलेला घोट

परवापासून थंडी पडली. नागपूरची थंडी सांगून येत नाही. आदल्या दिवशी पंखा दोनवर असतो आणि दुसऱ्या सकाळी नळाचं पाणी बोटांना चावतं. मग पेटी उघडायची, डांबरगोळ्यांच्या वासाचे स्वेटर काढायचे, गोधड्या गच्चीवर उन्हात टाकायच्या. सक्करदऱ्याच्या तलावावर सकाळी पांढुरकी वाफ रेंगाळते. फिरायला आलेली माणसं मफलरीत तोंड खुपसून आपापल्या सोबत्याशी बोलत जातात. मी उलट दिशेने फिरते. सगळे तलाव डाव्या हाताला ठेवून चालतात, मी उजव्या. त्या गर्दीत शीला असते. समोरून आली तर अर्ध्या मिनिटात भेट संपते. तिच्या मागून चालायचं झालं तर अर्धा तास तिची पाठ बघावी लागेल, आणि ते मला जमत नाही.

शीला माझ्या घरापासून चौथ्या घरात राहते. सिंचन खात्याच्या कार्यालयात अठ्ठावीस वर्षं आमची टेबलं समोरासमोर होती. प्लॉटही एकाच ले-आउटमध्ये घेतले, तेही चर्चा करून, की म्हातारपणी एकमेकींना हाक ऐकू गेली पाहिजे. मी लग्न केलं नाही, आईला सांभाळण्यात ते राहून गेलं. तिचे यजमान गेले आणि मुलगा हैदराबादला स्थिरावला. म्हणजे हाक मारायला ती मला आणि मी तिला. दोन हिवाळे झाले, ती माझ्याशी बोलत नाही. तसं ‘बरं आहे ना’ म्हणते. पण त्याला बोलणं म्हणायचं तर बँकेच्या दारातला शिपाईही माझ्याशी रोज बोलतो.

मला तिच्याकडे जायचं होतं. जाऊन काय म्हणायचं हे दोन वर्षं ठरत नव्हतं. आणि थंडी पडली की हे फार छळतं, कारण जे झालं ते अशाच थंडीत झालं, इथून खूप दूर, जिथे तलाव नाही, नळ नाही, काही नाही अशा ठिकाणी.

वाळवंटाची कल्पना तिचीच. आम्ही दोघी एका महिन्याच्या अंतराने निवृत्त झालो. सगळ्यांनी विचारलं, आता कुठे, काशी की रामेश्वर? शीला म्हणाली, “जिंदगीभर पाण्याच्या फायली पाहिल्या वं नलू. कालवा, पाट, पाळी, गळती. आता एकदा असं गाव पाहू जिथं पाणीच नाही.” मला हसू आलं. पण खरंच होतं ते. कागदावर इतकं पाणी हाताळलेल्या बायकांनी एकदा कोरडं जग बघायला हरकत नव्हती. तिने फोनवर कुठलीशी सहल शोधून काढली. जैसलमेरच्या पुढे, पर्यटकांच्या टेकड्या सोडून, आत. सहा दिवस, पाच मुक्काम, तंबू, उंटगाड्या आणि वाटाड्या. मी म्हटलं, आपल्या गुडघ्यांचं वय काय? ती म्हणाली, गुडघे उंटाचे दुखतील.

तिथे पोचल्यावर पहिल्यांदा काय जाणवलं असेल तर आवाज नसणं. नागपुरात शांतता म्हणजे कुलर बंद होणं. इथे बंद व्हायला काही नव्हतंच. जीप आम्हाला सोडून परत गेली, तिचा आवाज बराच वेळ कानात राहिला आणि मग तोही गेला. समोर वाळू. बारक्या झुडपांची वाळू, गवताच्या पिवळ्या झुपक्यांची वाळू आणि मधूनच एखादी नुसती गुळगुळीत टेकडी, नुकताच कोणी परातीतल्या पिठावरून हात फिरवून ते सारखं केल्यासारखी. ऊन कोवळं होतं पण लपायला जागा नव्हती. एवढ्या उघड्यावर माणसाने काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

आम्ही आठ जण होतो, दोन उंटगाड्या. आमच्या गाडीवर मी, शीला आणि पुण्याचे एक काका-काकू. काकू बोलायला चांगल्या, काकांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे दोघांचं छान चाललं होतं. वाटाड्या होता सुमारजी. पन्नाशीचा, उंच, मेंदी लावलेल्या दाढीचा मुसलमान माणूस. त्याच्या हिंदीत अर्धी मारवाडी मिसळलेली. तो फार कमी बोलायचा आणि बोलला की नियम सांगायचा. पहिल्याच संध्याकाळी त्याने गाडीला टांगलेला, ओल्या पोत्यात गुंडाळलेला पाण्याचा कॅन दाखवला. त्याला साखळीने एक स्टीलचा गिलास बांधलेला.

“एक गाड़ी, एक गिलास,” तो म्हणाला. “ऊपर से मत पीना, गाड़ी हिलती है, पानी गिरता है. होंठ लगाओ. बरतन रेत से साफ होगा, पानी सिर्फ पेट के लिए.”

काकूंनी काकांकडे पाहिलं. आपल्याकडे वरून पाण्याची धार तोंडात सोडायची सवय. दुसऱ्याच्या ओठांच्या गिलासाला ओठ लावायचे म्हणजे जिवावर येतं. मी मात्र मोठ्या ऐटीत म्हणाले, “आम्हा नागपूरच्या लोकांचं असलं काही नसतं हो काकू.” आणि सगळ्यांदेखत पहिला गिलास मीच ओठांना लावला. शीला माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी तेव्हा पाहिलं नाही. मी स्वतःवर खूश होते.

स्वतःवर खूश असणं हा माझा जुना आजार. मी हेडक्लर्क म्हणून निवृत्त झाले. दुसऱ्याच्या फायलीतली चूक लांबून दिसायची मला. कुठे सही राहिली, कुठे तारीख उलटी पडली. कार्यालयात मला लोक घाबरायचे आणि मला ते आवडायचं. शीलाच्या बाबतीत तर माझा अभिमान वेगळाच. तिचं घर बौद्ध. तिची आई छप्पन साली दीक्षाभूमीवर होती. त्या गर्दीत आईची एक चप्पल हरवली, तर आईने दुसरीही तिथेच सोडली आणि अनवाणी घरी आली. शीला ही गोष्ट दर दसऱ्याला सांगायची आणि दर वेळी तिचा आवाज चपलेपाशी बदलायचा. आमचं घर महालातलं, भोसल्यांच्या काळात आलेलं, कारकुनी पिढ्यान्‌पिढ्या. आमच्या घरच्यांना न विचारता मी पहिल्या वर्षापासून शीलाच्या डब्यातली सुकटाची चटणी खायचे. हे मी कोणाकोणाला सांगितलं असेल! मावशीला, भावजयीला, नव्या रुजू झालेल्या मुलींना. जणू ती चटणी नव्हती, मला मिळालेलं पदक होतं.

दुसरा दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी. पहाटे तंबूच्या कापडावर दव साचलेलं, बोट लावलं की एक रेघ खाली धावायची. बाजरीची भाकरी आणि केरसांगरीची भाजी. वाळूत अर्ध्यातच विझलेल्या शेकोटीचा वास केसांना लागलेला. दुपारी आम्ही दोघी गाडीतून उतरून चालत राहिलो. वाळूत चालताना बोलता येत नाही, दम लागतो, त्यामुळे गप्प राहायला कारण मिळतं. एका टेकडीवर शीला बसली. बूट काढून तिने पाय वाळूत पुरले.

“नलू, इथं कोणी आपल्याले ओळखत नाही,” ती म्हणाली.

“मग?”

“मग काही नाही. छान वाटते.”

मला वाटलं ती मोकळेपणाबद्दल बोलते आहे, मुलगा नाही, फोनला रेंज नाही, स्वयंपाक नाही. मी म्हटलं, “हो ना, भांडी घासायची कटकट नाही.” ती हसली. ते हसणं मी आता कितीदा आठवून पाहते. नागपुरात तिला ओळखणं म्हणजे नेमकं काय ओळखणं, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी ऊन तापलं. थंडीतही तिथे दुपारी डोकं तापतं. एका खेजडीच्या झाडाखाली गाड्या थांबल्या. सावली म्हणजे जाळीच, पण तेवढीही सोन्यासारखी. सुमारजीने गिलास भरून आधी काकूंना दिला, मग काकांना, मग शीलाला. शीला सावकाश प्यायली, डोळे मिटून. आणि रिकामा गिलास माझ्या हातात दिला.

मी कॅनच्या तोटीखाली गिलास धरला. थोडं पाणी घेतलं, घोटभर. मनगट फिरवून ते आत गोल फिरवलं आणि बाजूला फेकलं. मग गिलास भरून प्यायले.

हे सगळं घडायला तीन-चार सेकंद लागले असतील. पाणी पडलं तिथे वाळूवर एक काळपट डाग उमटला. बघता बघता तो फिका झाला आणि नाहीसा झाला. सुमारजी त्या जागेकडे पाहत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

“मैडम, पानी क्यों फेंका?”

“आदत है भैया,” मी म्हणाले. “गिलास विसळने की.” माझं हिंदी ऐकून काकू हसल्या. मीही हसले. सुमारजी हसला नाही. त्याने कॅनचं बूच घट्ट केलं आणि उंटाकडे गेला. शीला उठून झाडाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. दुपारभर ती गाडीत बसलीच नाही. गाडीच्या मागे चालत राहिली, डोक्यावर ओढणी घेऊन. दोनदा मी हाक मारली. ती हात हलवायची, तू चल म्हणून.

संध्याकाळी सूर्य टेकला, वाळू आधी केशरी आणि मग राखाडी झाली. आम्ही तंबूत पांघरुणं अंथरत होतो. बाहेर काकू काकांना मोठ्याने चहा घ्यायला सांगत होत्या.

“नलू,” शीला म्हणाली, “तू तो गिलास काहून विसळला?”

“कोणता?”

“दुपारचा.”

“अवं, सवय आहे मले. वाळू गेली होती त्यात.”

“वाळू नव्हती.”

“मग नसन. इतकं काय त्यात?”

ती पांघरुणाची घडी करत होती, झालेली घडी पुन्हा उलगडून पुन्हा करत होती. “काल तू काकूच्या मागून प्यायली, तशीच प्यायली. परवा त्या सुमारजीच्या मागून प्यायली. तवाही नाही विसळला. मी तीन दिवसांपासून पाहून राहिली. माझ्या मागून प्यायचं झालं का तुझा हात फिरते.”

मला खरंच आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण तिने सांगितलं तेव्हा माझं मनगट गरम झालं. म्हणजे त्याला माहीत होतं. आणि अशा वेळी शहाण्या बाईने गप्प बसावं, तर मी तोंड उघडलं.

“शीला, तू मले ओळखत नाहीस काय? मी तुझ्या डब्यातलं खाते.”

“हो,” ती म्हणाली. “खाते. अन् सगळ्यायले सांगते.”

ती पांघरूण घेऊन कुशीवर वळली.

चौथ्या दिवशी सकाळी तिने सुमारजीकडे वेगळा गिलास मागितला. एक गाडी एक गिलास हा नियम त्याने कोणासाठी मोडला नव्हता. काकूंनी पहिल्या दिवशी खूप विनवलं होतं तरी नाही. त्याने शीलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि स्वतःच्या पिशवीतला त्याचा पितळी पेला काढून तिला दिला. काही विचारलं नाही. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण त्या माणसाला पाणी कुठे जातं ते बघायची सवय होती. राहिलेले तीन दिवस ती त्याच्या पेल्यातून प्यायली. आमच्या गिलासातून मी प्यायले, काका-काकूंच्या मागून, न विसळता. प्रत्येक घोटाला मला ते कळत होतं.

ते तीन दिवस मी कधी विसरणार नाही. वाळवंट तेवढंच सुंदर होतं. एका ढाणीवर, म्हणजे चार-पाच झोपड्यांच्या वस्तीवर, आम्हाला ताक मिळालं. शेणाने सारवलेल्या अंगणावर पांढऱ्या खडूने काढलेले मोर होते. तिथली एक बाई ताटल्यांना कोरडी वाळू चोळत होती, त्या लख्ख होत होत्या. मी शीलाला दाखवायला वळले, आणि आठवलं. असं दिवसातून वीस वेळा व्हायचं. काही दिसलं की मान वळायची आणि मग पुन्हा सरळ व्हायची. माणूस एकटा असला की त्याला तसं वाटतंच असं नाही. कोणाला तरी दाखवायला मान वळते आणि तिथे कोणी नसतं, तेव्हा वाटतं. ती तिथे होती, तरी नव्हती.

परतीच्या गाडीत तिने वरचा बर्थ घेतला. सगळा प्रवास ती वर झोपून होती. नागपूर स्टेशनवर उतरलो तेव्हा ती म्हणाली, “तू हो पुढे, मले बहिणीकडे जायचं आहे.” तिची बहीण त्या दिवसांत गावात नव्हती. मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होतं.

घरी आल्यावर मी पहिले काही महिने नुसती चिडलेली होते. एवढी जुनी मैत्री आणि एका घोटावरून? मनातल्या मनात मी तिच्याशी भांडायचे, आणि मी भांडणात चांगली आहे. स्वच्छता, सवय, कामाच्या धबडग्यात हात आपोआप चालतो, असे मुद्दे काढायचे. हेडक्लर्कच्या टिपणीसारखे क्रमाने. संक्रांतीला तिळाचे लाडू पाठवले. आपल्याकडे डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून तिने त्यात साखर घालून परत केला. वर झाकणाला रबर लावलेला. शेजारच्या कोणाकडेही पाठवावा तसा तो डबा आला. मी तो हातात घेऊन स्वयंपाकघरात किती तरी वेळ उभी होते आणि मग ओट्यापाशीच बसून रडले.

मग हळूहळू भांडणातले मुद्दे संपले. उरलं ते एकच. काकूंच्या मागून का नाही? सुमारजीच्या मागून का नाही?

एक दिवस भांडी घासताना आईचा हात आठवला. मी सात वर्षांची असेन. वर्गातली एक मुलगी घरी खेळायला आली, तिने पाणी मागितलं, प्यायली आणि गेली. आई काही बोलली नाही. तिने फक्त नळ उघडला, तो गिलास धारेखाली धरला, मनगट फिरवलं आणि पाणी मोरीत फेकलं. आणि माझ्याकडे पाहिलं. आईने जात हा शब्द माझ्यासमोर जन्मात उच्चारला नाही. आमच्या घरात तसले शब्द नव्हते, आम्ही सुशिक्षित होतो. आई फक्त नळ उघडायची. आणि पोरींना आईची भाषा तोंडाने कुठे शिकवावी लागते? नागपुरात नळ असतो, मोरी असते, कोण कधी काय विसळतं ते कोणाच्या नजरेत येत नाही. जिथे पाणी मोजून मिळतं तिथे माझ्या हातातलं सगळ्यांना दिसलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. मी सुंभ जाळल्याचाच गाजावाजा करत फिरत होते.

हे कळलं तरी तिच्याकडे जायला जवळजवळ वर्ष गेलं. कळणं वेगळं आणि चार घरं चालून जाणं वेगळं. मध्ये किती तरी संध्याकाळी मी फाटकापर्यंत गेले आणि दूधवाल्याची वाट बघत असल्यासारखी उभी राहून परत आले. या दोन वर्षांत मला समजलं की रिकाम्या घरात आपलाच आवाज कसा वाटतो. मी स्वतःशी मोठ्याने बोलते आता. कुकरला सांगते, झालं रे बाबा. टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्याला उलट उत्तर देते. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या वाढवल्या तेव्हा घरी येऊन कोणाला सांगावं हे न सुचून मी औषधांची चिठ्ठी फ्रिजवर चिकटवली. पडले तर कोण येईल, हा विचार तर रोजचाच. पण खरं सांगते, त्याचं मला तेवढं दुःख नाही. मला शीला हवी आहे. बाकी कोणी नको.

आज सकाळी गेले.

ती अंगणात उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. या दिवसांत आमच्याकडे घराघरात सोले, म्हणजे तुरीचे हिरवे दाणे, निघतात, सोलेभाताचा वास गल्लीभर असतो. पुढ्यात सूप, बाजूला टरफलांचा ढीग. मला पाहून ती उठली, आत गेली आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली. आलेल्याला पाणी द्यायचंच, ते तिनेही मोडलं नाही. ग्लास माझ्यासमोर ठेवून ती पुन्हा बसली. तिच्या बाजूला तिचाही ग्लास होता, अर्धा प्यायलेला. आम्हा दोघींचं लक्ष त्या दोन ग्लासांकडे होतं.

मी घरून ठरवून आले होते. मी तिच्या ग्लासाकडे हात नेला आणि म्हणाले, “मले तुझ्यातलं दे, शीला.”

तिने मान वर केली. “राहू दे. नाटक नको करू.”

“नाटक नाही वं.”

“मग काय आहे? माझं उष्टं पिऊन तू मोठी होशील. उद्या सांगशील कोणाले तरी. माझं काय त्यात?”

मी हात मागे घेतला. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी सुपातली एक शेंग उचलली आणि सोलायला लागले. तिने अडवलं नाही.

“माझं चुकलं,” मी म्हणाले. “तिथं मी सवय म्हणाली.”

“कोणती सवय?”

“विसळायची.”

“कोणती सवय, नलू? बोल ना.”

शेंग हातातच राहिली. “जातीची,” मी म्हणाले.

इतक्या वर्षांत तो शब्द मी तिच्यासमोर पहिल्यांदा उच्चारला. माझा आवाज फाटला. शीलाने मान हलवली आणि पुढची शेंग घेतली. मीही हातातली शेंग फोडली.

“तुले काय वाटते,” ती म्हणाली, “मले तिथं वाळवंटात समजलं?”

मी दाणे सुपात टाकले.

“पहिल्याच उन्हाळ्यात समजलं. तू नवीन कप आणले होते ऑफिसात. माझ्या कपातून चहा प्यायचं झालं तुले, तर तू आधी जाऊन नळाखाली धरला. मी घरी येऊन यांले सांगितलं. हे म्हणे, सोड तिचा नाद. मी म्हटलं, नाही, पोरगी चांगली आहे, दिलाची साफ आहे. तिले माहीतच नाही ती काय करून राहिली. जाईन ते हळूहळू.” तिने सूप पाखडलं. “मग वाट पाहिली. एक वर्ष, दोन वर्षं. तू माझ्या घरी राहिली, यांच्या शेवटच्या दिवसांत माझ्यासंगं रात्री दवाखान्यात बसली. तवाही पाहिलं, थर्मासचं झाकण धुऊन आणलं तू. मी काही नाही बोलली. म्हटलं, एवढं करते माणूस माझ्यासाठी.”

“मग तिथं काहून बोलली?”

शीलाचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिचे डोळे भरलेले मी पाहिले.

“तिथं पाणीच नव्हतं ना वं,” ती म्हणाली. “मले वाटलं, इथं तरी तुझा हात थांबन.”

माझ्यासमोरचं पाणी मी प्यायले, कारण न पिणं आणखी वाईट दिसलं असतं. उठले. ती माझ्यासोबत उठली नाही.

“शीला, उद्या सकाळी तलावावर येऊ तुझ्यासंगं?”

“नाही,” ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, “जातानी फाटक लावून घे. गाई येतात.”

मी फाटक लावलं. चार घरं चालत घरी आले. वाटेत कोणाच्या तरी गच्चीवर गोधड्या वाळत होत्या, शाळेची व्हॅन हॉर्न देत उभी होती. मी कुलूप उघडलं आणि आत खुर्चीवर बसले, स्वेटर न काढता. दोन हिवाळे मी स्वतःला बिचारी समजत होते. मान वळते आणि तिथे कोणी नसतं, हे दुःख माझ्याच वाट्याला आलं असं मला वाटत होतं. पण त्या अठ्ठावीस वर्षांत मला शीला होती. शीलाला मी नव्हते.